मावशीचा एकेचाळीसचा आकडा: स्क्रीनिंग करावं की नको, हे ठरवायचं कसं?

मार्चमधला रविवार. मावशीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन टेबलं मांडलेली, त्यांवर पांढऱ्या चादरी, आणि सकाळी सातला उपाशीपोटी उभी असलेली पंचवीसेक माणसांची रांग. फाटकावर फलक: 'फुल बॉडी चेकअप. ८७ चाचण्या. कॅन्सर मार्करसह. फक्त १,४९९ रुपये.' मार्च म्हणजे करबचतीचाही महिना. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ८०डी कलमाखाली अशा तपासणीचे पाच हजारांपर्यंतचे पैसे उत्पन्नातून वजा होतात, तेव्हा निम्मी रांग बहुधा त्यासाठीच असावी. मावशी त्रेपन्न वर्षांची. तक्रार कसलीच नाही, रोज टेकडी चढते. तिने रक्त दिलं, चहा-बिस्किटं घेतली आणि घरी आली. तिच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी तिच्या हातावरची कापसाची पट्टी बघून विचारलं, "काकू, मी पण करून घेऊ का?" पैशाचा आकडा ऐकून त्या पुन्हा पोळपाटाकडे वळल्या.

रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. "अगं, रिपोर्ट आलाय. सीए-१२५ एकेचाळीस. पस्तीसच्या आत हवं म्हणे. आणि वर 'कॅन्सर मार्कर' लिहिलंय. आता मला झोप यायची नाही."

पुढचे सव्वीस दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. आधी सोनोग्राफी, त्यात गर्भाशयाजवळ काहीतरी दिसलं. मग एमआरआय, मग पुन्हा रक्त, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत. शेवटी निघाली बोराएवढी फायब्रॉइडची गाठ, तीही साधी, त्रास न देणारी. या वयाच्या कितीतरी बायकांना असते. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी कागद मिटत विचारलं, "ही चाचणी तुम्हाला करायला सांगितली कुणी?" खर्च एकोणीस हजारांच्या वर गेला होता. मावशी मात्र रिक्षात बसल्यावर म्हणाली, "जाऊ दे, बरंच झालं. काही नाही हे कळलं तरी."

खरंच बरं झालं का? मी डॉक्टर नाही, आरोग्यावर लिहिते. पण मावशीच्या या एका वाक्याचा हिशोब मांडायला वैद्यकशास्त्राची गेली साठेक वर्षं खर्ची पडली आहेत, आणि तो हिशोब चौथीच्या गणितात बसतो.

चाळणी आणि निवडणं

आधी एक फरक. पोटात गोळा लागतोय म्हणून डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी तपासणी सांगितली, तर ते निदान. काहीही होत नसताना, धडधाकट माणसाची, 'आत काही लपलंय का' म्हणून केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. सरकारी मराठीत चाळणी चाचणी म्हणतात, आणि क्वचितच एखादा सरकारी शब्द इतका नेमका असतो.

गहू चाळले की काम संपत नाही. चाळणीवर जे राहतं ते ताटात घेऊन निवडावं लागतं. त्यात खडे असतात, तसे जाडसर गहूही असतात. स्क्रीनिंगही फक्त चाळतं. निवडायचं काम पुढे सोनोग्राफी, बायॉप्सी, कधी शस्त्रक्रिया करते. चाळणीवर राहिलेल्या चांगल्या गव्हाला आपण खोटा होकार म्हणू: रोग नाही, पण चाचणी 'आहे' म्हणते. आणि भोकातून खाली पडलेला बारीक खडा म्हणजे खोटा नकार: रोग आहे, पण चाचणी 'नाही' म्हणते. भोकं बारीक केली की खडे सुटत नाहीत, पण गहू फार अडकतात. मोठी केली की उलटं. दोन्ही शून्य करणारी चाळणी अजून कुणी बनवलेली नाही.

मावशीची चाळणी तर फारच बारीक होती. सीए-१२५ हे प्रथिन अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं हे खरं, पण ते फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या क्षयरोगात, अगदी पाळीच्या दिवसांतही वाढू शकतं. कॅन्सरचं निदान झालेल्या बाईला उपचार लागू पडताहेत का हे बघायला ही चाचणी उत्तम. पार्किंगमध्ये रांगेत उभ्या असलेल्या बाईला ती काय सांगणार?

दहा हजार वस्तीचं गाव

हे आकड्यांत बघू. समजा, एक चाचणी ९५ टक्के अचूक आहे. म्हणजे रोग असलेल्या शंभरांतल्या ९५ जणांना ती पकडते आणि रोग नसलेल्या शंभरांतल्या ९५ जणांना बरोबर सोडते. ऐकायला झकास. आता दहा हजार वस्तीच्या गावात सगळ्यांची ही चाचणी करू. रोग दुर्मीळ आहे, गावात फक्त दहा जणांना. त्या दहांपैकी नऊ-दहा जण पकडले जातील. उरलेले ९,९९० निरोगी. त्यांतल्या पाच टक्क्यांना, म्हणजे जवळजवळ पाचशे जणांना, चाचणी उगाच 'आहे' म्हणेल. गावात ५१० घरांत रडारड, आणि रोगी दहा. रिपोर्ट वाईट आलेल्या माणसाला रोग असण्याची शक्यता पन्नासात एक.

आता हीच चाचणी अशा दहा हजार लोकांवर करा, ज्यांना तक्रारी आहेत आणि ज्यांच्यात दर दहांत एकाला तो रोग आहे. रोगी हजार, त्यांतले ९५० सापडतील. निरोगी नऊ हजार, त्यांतले ४५० उगाच अडकतील. आता वाईट रिपोर्टचा अर्थ 'तीनांतून दोनदा खरं' असा झाला. चाचणी तीच, यंत्र तेच, रसायन तेच. बदललं ते एवढंच, की कुणावर केली.

हे गणित डॉक्टरांनाही चकवतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचे, आकडे देऊन विचारलं, 'रिपोर्ट वाईट आला तर कॅन्सर असण्याची शक्यता किती?' बरोबर उत्तर होतं साधारण दहात एक. पाचातल्या एकाच डॉक्टरला ते जमलं. कित्येकांनी ८०-९० टक्के सांगितलं. टक्के सोडून 'हजार बायकांपैकी इतक्या' असं मांडलं, तेव्हा बहुतेकांना ते लगेच कळलं. म्हणून या लेखात मीही शक्यतो माणसं मोजतेय.

आता ८७ चाचण्यांकडे या. अनेक चाचण्यांची 'सामान्य मर्यादा' ठरवताना निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेतात. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही पाच टक्के व्याख्येनेच बाहेर पडतात. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर एक तरी आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ८७ चाचण्यांत सगळं काळ्या साध्या अक्षरात आलं, तर तुम्ही लॉटरीचं तिकीट घ्यायला हरकत नाही.

"पण लवकर कळलेलं बरंच ना?"

हा सगळ्यांत जोरदार मुद्दा, आणि अर्धा खरा. लवकर कळून फायदा तेव्हा होतो, जेव्हा लवकर केलेला उपचार उशिरा केलेल्या उपचारापेक्षा जास्त जीव वाचवतो. नाहीतर फक्त कळतं लवकर.

मुंबईहून सोलापूरला निघालेल्या रात्रीच्या गाडीत दोघं झोपलेत. एकाला पुण्याला जाग आली, दुसऱ्याला कुर्डुवाडीला. पहिला म्हणेल, माझा प्रवास केवढा लांबला! सोलापूर मात्र दोघांना एकाच वेळी आलं. 'निदानानंतर पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण' म्हणून जे आकडे जाहिरातीत येतात, त्यांत ही फसगत असते. निदान तीन वर्षं आधी झालं की माणूस एक दिवसही जास्त न जगता 'निदानानंतर' तीन वर्षं जास्त जगतो. म्हणून स्क्रीनिंगचा खरा कस एकच: चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे, एकाचं स्क्रीनिंग करायचं, दुसऱ्याचं नाही, आणि वर्षानुवर्षं थांबून त्या रोगाने कुठल्या गटात किती माणसं गेली हे मोजायचं.

मावशीच्या सीए-१२५ बाबत हे झालेलं आहे. अमेरिकेत ५५ ते ७४ वर्षांच्या ७८,२१६ स्त्रियांवर अभ्यास झाला. निष्कर्ष २०११ साली आले. निम्म्या स्त्रियांची सीए-१२५ आणि सोनोग्राफी दर वर्षी केली. अंडाशयाच्या कॅन्सरने मृत्यू किती? स्क्रीनिंगवाल्या गटात ११८, दुसऱ्यात १००. जीव वाचले नाहीतच. उलट ३,२८५ जणींना खोटा होकार आला, त्यांतल्या १,०८० जणींची त्यापायी शस्त्रक्रिया झाली, आणि १६३ जणींना त्या शस्त्रक्रियेतून गंभीर गुंतागुंत झाली. नसलेल्या रोगासाठी! ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर याहून हुशारीने तोच प्रयोग झाला. रोग थोडा लवकरच्या टप्प्यात सापडायला लागला, पण २०२१ साली हिशोब लागला तेव्हा मृत्यू तेवढेच होते. जाग लवकर आली, सोलापूर त्याच वेळी.

मावशी सव्वीस दिवसांत सुटली, पोटावर टाके न पडता. त्या हजारभर बायकांच्या मानाने तिचं स्वस्तात भागलं.

कोरियाचा थायरॉइड

खोटा होकार किमान शेवटी खोटा ठरतो. याहून अवघड गोष्ट म्हणजे अतिनिदान. यात चाचणी खरी असते, गाठ खरी असते, सूक्ष्मदर्शकाखाली ती कॅन्सरच असते. फक्त ती कधीच वाढणार नसते, किंवा इतकी सावकाश वाढणार असते, की माणूस दुसऱ्या कशाने तरी जाईपर्यंत तिचा पत्ता लागला नसता.

दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये राष्ट्रीय स्क्रीनिंग कार्यक्रम सुरू केला. थायरॉइडचा कॅन्सर त्यात नव्हता. पण दवाखान्यांनी थोड्या जास्तीच्या पैशांत गळ्याची सोनोग्राफीही देऊ केली. आलाच आहात तर हेही बघून जा! लोकांनी आनंदाने बघून घेतलं. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून जास्त लोकांना निदान झालं, आणि तो देशातला सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर बनला. त्या कॅन्सरने मरणारे मात्र वर्षाला चारशेच्या आत, आधी होते तितकेच.

पंधरा पट कॅन्सर आला कुठून? तो आधीपासून तिथेच होता. दुसऱ्या कारणांनी मरण पावलेल्यांची शवविच्छेदनं करून थायरॉइड बारकाईने तपासली, तर प्रौढांतल्या एक-तृतीयांशांत असे बारीक कण सापडू शकतात. सोनोग्राफीने फक्त दिवा लावला. पण निदान झालं की शांत बसतं कोण? बहुतेकांची ग्रंथी काढली. म्हणजे जन्मभर रोज सकाळी गोळी, दहातल्या एकाच्या शरीरात कॅल्शियमचा तोल सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी, शंभरातल्या दोघांच्या स्वरतंतूला इजा. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी 'हे थांबवा' म्हणून जाहीर आवाहन केलं. वर्षभरात शस्त्रक्रिया ३५ टक्क्यांनी घटल्या.

"आमच्या काकांचा जीव चेकअपमुळेच वाचला"

असे काका प्रत्येक सोसायटीत असतात, आणि त्यांच्यापुढे वरचे सगळे आकडे फिके पडतात. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. कदाचित खरंच वाचला असेल. अडचण अशी, की ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि काकांनाही नाही. अतिनिदान झालेला माणूस शस्त्रक्रिया करून घेतो, बरा होतो, पेढे वाटतो. ज्याला उपचारांची गरजच नव्हती त्याचा निकाल तर सगळ्यांत सुंदर लागणार! कोरियातल्या त्या चाळीस हजारांतल्या जवळपास प्रत्येकाला वाटलं असेल, आपण वेळेत गेलो म्हणून वाचलो. म्हणजे एखाद्या स्क्रीनिंगमधून जितकं जास्त अतिनिदान, तितके त्याचे कृतज्ञ साक्षीदार जास्त.

काकांचा रोग बऱ्याचदा प्रोस्टेटचा असतो आणि चाचणी पीएसए. युरोपात सोळा वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा हिशोब असा: ५७० पुरुषांना स्क्रीनिंगला बोलावलं आणि १८ जास्तीच्या जणांना कॅन्सरचं निदान झालं, तेव्हा एक मृत्यू टळला. त्या अठरांतला तो एक कोण, हे सांगायची सोय नाही. उरलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला लघवीवरचा ताबा जाणं आणि लैंगिक दुबळेपणा आला. पीएसए हे प्रथिन शोधणाऱ्यांपैकी एक, रिचर्ड अ‍ॅब्लिन, यांनीच २०१० साली वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की सरसकट स्क्रीनिंगला ही चाचणी नाणेफेकीपेक्षा फारशी बरी नाही. ते जरा जास्तच बोलले असं मला वाटतं. एक मृत्यू म्हणजे काही शून्य नव्हे.

"ही सगळी परदेशातली उदाहरणं"

मग आपल्याकडचं घेऊ. जगात गाजलेला एक अभ्यास आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, खेड्यापाड्यांत झाला. १९९९ पासून, मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया, आणि प्रश्न गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. गावांचे चार भाग केले: एकात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यात अ‍ॅसिटिक आम्ल लावून बघणं, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी मोजलं. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा ज्या गटात दिली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू. चौथ्या गटात ६४. बाकी दोन पद्धतींचा तिथे ठोस फरक दिसला नाही. चौथ्या गटाला काहीच का दिलं नाही, यावर नंतर कडक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटाचाच दुसरा अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला होता. तिथे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं. कापसाच्या बोळ्याने पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातलं व्हिनेगरच, गर्भाशयमुखावर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. दर दोन वर्षांनी, चार वेळा. दीड लाख बायकांच्या या अभ्यासात ज्यांना ही तपासणी मिळाली त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादला एकदाच केलेली हीच पद्धत फिकी पडली होती, मुंबईत वारंवार केल्यावर चालली.

इथे लवकर कळणं कामाला का आलं? कारण हा रोग दहा-दहा वर्षं रेंगाळतो, कॅन्सर व्हायच्या आधीच दिसतो, आणि तेवढा भाग गोठवून किंवा काढून टाकला की विषय संपतो. चाळणी, निवडणं आणि इलाज, तिन्ही हाताशी आहेत. १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगचे दहा नियम लिहिले होते. त्यांचा बराचसा अर्क या दोन शब्दांत उतरतो: पुढे काय?

केरळात तोंडाच्या कॅन्सरचंही असंच झालं. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसतं टॉर्चच्या उजेडात तोंड तपासलं, तर तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले मृत्यू एक-तृतीयांशाने घटले. व्यसन नसणाऱ्यांत फायदा दिसला नाही. मुंबईत हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये आला: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत फरक नाही. पुन्हा तेच. कुणावर केली?

'निम्म्यावर आले' म्हणजे नेमके किती?

उस्मानाबादचा निकाल दोन तऱ्हांनी सांगता येतो. 'मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.' किंवा, 'आठ वर्षांत हजार बायकांमागे दोन मृत्यू व्हायचे, तिथे एक झाला.' दोन्ही खरं. जाहिरात पहिलं सांगते, आणि तोट्यांची वेळ आली की टक्के सोडून हळूच हजारांवर येते. तराजूच्या एका पारड्यात किलो आणि दुसऱ्यात पाव टाकून कसं तोलणार?

दोन्हीकडे हजारच घेऊ. एचपीव्ही: हजार बायकांत आठ वर्षांत एक जीव वाचला, चाचणी केलेल्या दर दहांत साधारण एकीला पुढच्या तपासणीला जावं लागलं, जी बहुधा बाह्यरुग्ण विभागातच उरकते. सीए-१२५ आणि सोनोग्राफी: हजार बायकांत वाचलेले जीव शून्य, खोटे होकार ८४, विनाकारण शस्त्रक्रिया २८, गंभीर गुंतागुंत चौघींना. यात 'ज्याची त्याची आवड' म्हणण्यासारखं फारसं उरत नाही.

मॅमोग्राफीत उरतं. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये मांडलेला हिशोब: पन्नाशीच्या दहा हजार स्त्रियांना वीस वर्षं बोलावत राहिलं तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींचं अतिनिदान होतं. वाचलेल्या एकीमागे तिघींवर नको असलेला उपचार. हे आकडे मी दोन मैत्रिणींना दाखवले. एकीची बहीण या रोगाने गेली आहे. ती म्हणाली, "तिघींतली व्हायला मी तयार आहे गं. पण ती वाचणारी एक व्हायची संधी सुटायला नको." दुसरी म्हणाली, "मी बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट बघण्यातच मरेन." दोघींनी आकडे नीट वाचले होते, दोघींचं गणित बरोबर होतं. वजन वेगळं होतं. अशा ठिकाणी डॉक्टरांनी 'करून टाका' किंवा 'काही गरज नाही' म्हणून विषय संपवणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट पारडं झुकवते: पश्चात्ताप. तपासणी केली आणि काही निघालं नाही, तर आपण म्हणतो 'चला, सुटलो'. केली नाही आणि पुढे काही निघालं, तर आयुष्यभर बोचतं. डॉक्टरांचंही तेच. जास्तीची चाचणी लिहिली म्हणून कुणी भांडायला येत नाही, न लिहिल्याबद्दल येतं. मावशीचं रिक्षातलं वाक्य याच जातीचं होतं. ज्या भीतीतून ती सुटली, ती भीती रक्त देण्याआधी तिला नव्हतीच.

"मग काहीच करायचं नाही का?"

असं मी म्हणत नाहीये. तक्रारी नसलेल्या प्रौढांच्या सरसकट चेकअपवरच्या १७ अभ्यासांचा, सुमारे अडीच लाख लोकांचा, एकत्र आढावा घेतला तेव्हा एकूण मृत्यू घटलेले दिसले नाहीत हे खरं. पण ते अभ्यास श्रीमंत देशांतले, जिथे फॅमिली डॉक्टर एरवीही रक्तदाब बघतोच. आपल्याकडे दोन-दोन वर्षं हाताला पट्टा न बांधलेली माणसं घरोघर आहेत. रक्तदाब गुपचूप वाढतो, मोजायला दोन मिनिटं लागतात, गोळी स्वस्त आहे आणि पक्षाघात टळतो. यापेक्षा चांगले सौदे वैद्यकशास्त्रात फार नाहीत. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर, बायकांचं गर्भाशयमुख आणि स्तन, सगळ्यांचं तोंड: सरकारी कार्यक्रमात आशाताई ज्यासाठी फॉर्म भरून घेतात ती यादी एवढीशीच आहे, पण विचार करून केलेली आहे. घराण्यात कमी वयात कॅन्सर झालेले असतील तर हिशोब बदलतो. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि तक्रार असेल तर हा लेख तुम्हाला लागूच नाही. गाठ लागतेय, पाळी गेल्यावर रक्त जातंय, शौचातून रक्त पडतंय, तोंडातला व्रण भरत नाहीये, तर ते स्क्रीनिंग नव्हे. ते निदान, आणि त्याला उशीर करू नये.

आपल्या देशातला उलटा कारभार असा, की २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या भरल्या १.९ टक्के. शंभरांत दोन. त्याच देशात कॅन्सर मार्करचं पॅकेज पार्किंगमध्ये मिळतं.

मे महिन्यात मावशी पोळ्यांच्या ताईंना घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेली, मीही होते. ताई चव्वेचाळीस वर्षांच्या, तीन बाळंतपणं झालेली, अशी तपासणी कधी झालेली नाही. लाजत लाजत आत गेल्या, दहा मिनिटांत पदर सारखा करत बाहेर आल्या. "एवढंच?" म्हणाल्या. डाग नव्हता, पाच वर्षांनी परत या, असं सिस्टरनी कार्डावर लिहून दिलं. खर्च रिक्षाचे ऐंशी रुपये.

कार्ड देता देता सिस्टरनी मावशीकडे बघितलं. "आणि काकू, तुमची शेवटची कधी झाली होती?"

मावशी माझ्याकडे बघायला लागली. सत्त्याऐंशीच्या त्या यादीत ही नव्हतीच.

"तुमच्या वयाला डॉक्टर वेगळी चाचणी घेतील," सिस्टर म्हणाल्या. "बसा, नंबर लावते." मावशीने पर्स माझ्या हातात दिली आणि बाकावर ताईंच्या शेजारी जाऊन बसली.